लॅन्थेनमचा चुना: रेअर अर्थ धातू वेगळे करणं एवढं जिकिरीचं का?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कॅन्डियम आणि यिट्रियम. त्यानंतर कित्येक दिवस ‘दुर्मीळ खनिजे’ हा शब्द बातम्यांत गाजत राहिला. मोटारी, पवनचक्क्या, क्षेपणास्त्रं, फोन, सगळ्यांचं घोडं याच धातूंवर अडतं हे लोकांना कळलं. पण एका प्रश्नाला बहुतेक बातम्यांनी हातच लावला नाही. हे धातू जगात अनेक ठिकाणी जमिनीत आहेत, मग ते काढून एकमेकांपासून वेगळे करायला एवढा खटाटोप का लागतो?

मला वाटतं, हे समजून घ्यायचा सगळ्यात सरळ रस्ता एका अगदी साध्या दिसणाऱ्या पदार्थातून जातो. याच धातूंच्या कुटुंबातल्या लॅन्थेनमचं हायड्रॉक्साइड: पांढरा, बुळबुळीत, नळीच्या तळाशी हळूहळू बसणारा गाळ. या धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांची चमक त्याला नाही, म्हणून त्याच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. पण या सगळ्या धातूंमधला फरक सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागला तो अशाच गाळांमध्ये.

नावातलं ‘दुर्मीळ’ आणि नावातली ‘मृदा’

रेअर अर्थ म्हणजे एकूण १७ मूलद्रव्यं. आवर्तसारणीच्या खाली वेगळ्या ओळीत छापतात ती लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५, आणि त्यांच्याबरोबर स्कॅन्डियम व यिट्रियम. मराठीत त्यांना दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात. या नावातले दोन्ही शब्द आज फसवे ठरतात.

सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. लॅन्थेनम शिशापेक्षा जास्त आहे. या कुटुंबातली सगळ्यात कमी सापडणारी थुलियम आणि ल्युटेशियमसुद्धा चांदीपेक्षा विपुल आहेत. (प्रोमेथियमचा अपवाद; ते किरणोत्सारी असल्याने निसर्गात जवळपास टिकतच नाही.)

‘मृदा’ हा शब्द जुन्या रसायनशास्त्रातून आला. पाण्यात विरघळत नाही, भट्टीत वितळत नाही, अशा पुडीला तेव्हा मृदा म्हणत. शाळेच्या पुस्तकातल्या ‘अल्कधर्मी मृदा धातू’ या नावात तोच शब्द आहे. आज आपल्याला माहीत आहे की त्या पुडी म्हणजे धातूंची ऑक्साइडं होती, धातू आणि ऑक्सिजन यांची संयुगं. १७८७ साली स्वीडनमधल्या युटरबी गावच्या खाणीत एक जड काळा दगड सापडला. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यातून एक अनोळखी मृदा वेगळी केली. तेव्हा ती खरोखरच दुर्मीळ वाटली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरी अडचण प्रमाणाची नव्हती. हे धातू निसर्गात कधी एकेकटे भेटत नाहीत. खनिजाच्या एकाच कणात सगळे मिसळून बसलेले असतात, आणि एकाला बाहेर ओढलं की बाकीचेही त्याच्याबरोबर निघतात.

आधी चुन्यापासून सुरुवात करू

हायड्रॉक्साइड हा शब्द एकदाच समजून घेऊ. ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू जोडून एक जोडी होते, तिच्यावर एक ऋण प्रभार असतो. धातूचा अणू काही इलेक्ट्रॉन गमावून धन प्रभारित झाला, म्हणजेच आयन झाला, की या जोड्या त्याला येऊन चिकटतात. जितके इलेक्ट्रॉन गेले, तितक्या जोड्या लागतात. लॅन्थेनम तीन गमावतं, म्हणून त्याच्या हायड्रॉक्साइडमध्ये दर धातूमागे तीन जोड्या असतात.

भाजलेल्या चुनखडीवर, म्हणजे चुनकळीवर, पाणी टाकलं की काय होतं ते अनेकांनी पाहिलं असेल. सूं असा आवाज, वाफ, आणि दगडासारखा टणक खडा फुगून, फुटून त्याचं पीठ होतं. चुनकळी हे कॅल्शियमचं ऑक्साइड. पाणी पिऊन ते कॅल्शियमचं हायड्रॉक्साइड होतं.

लॅन्थेनमचं ऑक्साइड हुबेहूब असंच वागतं. पाणी घातलं तर तापतं. आणि त्याला पाणी घालायचीही गरज नसते, हवेतली आर्द्रता पुरते. उघड्यावर राहिलेलं ऑक्साइड गुपचूप पाणी ओढत जातं आणि पुरतं बदललं की सुमारे १६.६ टक्के जड झालेलं असतं. आकारमान त्याहून कितीतरी जास्त वाढतं, दीडपटीच्याही वर. ऑक्साइडची घट्ट दाबलेली वडी ठेवली असेल, तर ती काही दिवसांत तडकून भुगा होते.

याचा प्रयोगशाळेत होणारा त्रास मोठा आहे, कारण तो दिसत नाही. ऑक्साइडही पांढरं, हायड्रॉक्साइडही पांढरं. बाटलीवरचं लेबल तेच. पण बाटली जुनी आणि सैल झाकणाची असेल, तर १०० ग्रॅम ऑक्साइड समजून तोललेल्या पुडीत प्रत्यक्षात ८६ ग्रॅमच्या आसपासच ऑक्साइड असू शकतं. लॅन्थेनम असलेले अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारे) पदार्थ बनवताना धातूंचं प्रमाण नेमकं लागतं, तिथे एवढी चूक म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. म्हणून जाणकार माणूस ही पूड आधी ९०० अंश सेल्सिअसच्या वर भाजून घेतो, बंद भांड्यात निववतो आणि मगच तोलतो.

पाणी घालवायला खरं तर इतकी उष्णता लागत नाही. हायड्रॉक्साइडमधलं पाणी ३५० अंशांच्या आसपास सुटायला लागतं आणि पुढच्या दीड-दोनशे अंशांत जवळपास सगळं निघून जातं. पण चुन्याची आणखी एक सवय लॅन्थेनमला आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुना धरून ठेवतो. लॅन्थेनम हायड्रॉक्साइडही हवेतून तो वायू खेचतं आणि कार्बोनेट बनवतं. ते मोडायला जास्त तापवावं लागतं.

ॲल्युमिनियमसारखं का वागत नाही?

शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्याला इथे एक शंका येईल. ॲल्युमिनियमही तीनच इलेक्ट्रॉन गमावतं, त्याचं हायड्रॉक्साइडही पांढरं आणि बुळबुळीत असतं. मग लॅन्थेनमची तुलना ॲल्युमिनियमशी सोडून चुन्याशी का?

उत्तर आकारात आहे. ॲल्युमिनियमचा आयन छोटा असतो. तीन धन प्रभार एवढ्याशा जागेत एकवटले की तो ऑक्सिजनला जोरात धरतो, इतका की हायड्रोजनची पकड सैल पडते. म्हणून ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड दोन्हीकडून खेळतं: आम्लात विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यातही विरघळतं. लॅन्थेनमचा आयन मात्र ऐसपैस. त्याची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर, आणि कॅल्शियमची सुमारे १००. (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग.) प्रभार ॲल्युमिनियमइतका, देह कॅल्शियमचा. हा मोठा देह हायड्रॉक्साइडच्या जोडीला हलक्या हाताने धरतो, आणि ती जोडी सहज आम्लाला देऊन टाकतो.

जो पदार्थ अशी जोडी देऊन आम्ल निकामी करतो त्याला आम्लारी म्हणतात. तीन प्रभारांच्या धातूंमध्ये लॅन्थेनमइतकं बळकट आम्लारी हायड्रॉक्साइड विरळाच. नवसागरासारख्या अमोनियमच्या क्षाराबरोबर ते उकळलं तर अमोनिया बाहेर पडतो, म्हणजे ते अमोनियाला त्याच्या जागेवरून हुसकावून लावतं. कॉस्टिक सोड्यात मात्र ते विरघळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे खनिज फोडताना याचाच उपयोग होतो.

मोठ्या देहामुळे स्फटिकाची रचनाही वेगळी होते. लॅन्थेनमच्या प्रत्येक आयनाभोवती नऊ ऑक्सिजन बसतात आणि प्रत्येक जोडी तीन धातूंमध्ये वाटून घेतलेली असते. ही रचना एका दिशेने भराभर वाढते, म्हणून गरम अल्कलीत (कॉस्टिक सोड्यासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीत) मुरवलेल्या गाळातून सूक्ष्म काड्या तयार होतात. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत याच काड्या डोकेदुखी होतात. त्या बॅटरीतल्या मिश्रधातूत लॅन्थेनम असतं आणि आत अल्कलीचं द्रावण असतं. वापरता वापरता पृष्ठभागावरच्या लॅन्थेनमचं हायड्रॉक्साइड होत जातं, सुया उगवतात, आणि बॅटरीची ताकद ओसरते.

भावंडांचा एकच चेहरा

आता मूळ प्रश्नाकडे. लॅन्थेनमपासून ल्युटेशियमकडे जाताना दर पावलाला केंद्रकात एक धन प्रभार वाढतो आणि बाहेर एक इलेक्ट्रॉन वाढतो. सामान्यतः असा नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात येतो आणि मूलद्रव्याचा स्वभाव बदलतो. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे शेजारी असूनही किती निराळे आहेत! या कुटुंबात मात्र नवा इलेक्ट्रॉन आतल्या कवचात जाऊन बसतो. घरात आतल्या खोलीत एक माणूस वाढला तरी रस्त्यावरून दिसणारं दार तेच राहतं, तसं. रसायनशास्त्राचा सगळा व्यवहार दारात होतो, म्हणून या १५ धातूंची संयुगं, रंग सोडले तर, जवळपास सारखी वागतात.

जवळपास. आतला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या ओढीला नीट आड येत नाही, त्याचा पडदा विरविरीत असतो. म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन दर पावलाला किंचित आत ओढले जातात आणि आयन आक्रसतो. लॅन्थेनमचे १०३ पिकोमीटर ल्युटेशियमपर्यंत ८६ होतात. चौदा पावलांत सतरा पिकोमीटर, म्हणजे एका पावलाला जेमतेम एक. या आक्रसण्याला ‘लॅन्थेनाइड आकुंचन’ हे नाव भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२५ साली दिलं.

खाणीपासून चुंबकापर्यंतची सगळी महागडी धडपड या एकेका पिकोमीटरच्या फरकावर उभी आहे.

हा फरक हायड्रॉक्साइडमध्ये कसा उमटतो?

आयन आक्रसला की त्याची पकड घट्ट होते. ल्युटेशियम हायड्रॉक्साइडच्या जोड्यांना लॅन्थेनमपेक्षा आवळून धरतं. म्हणून ल्युटेशियमचं हायड्रॉक्साइड कमी विरघळतं आणि कमी आम्लारी असतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. या धातूंचं आम्लातलं द्रावण घ्या आणि त्यात अमोनिया थेंबाथेंबाने घाला. द्रावणाचा आंबटपणा कमी होत जातो. तो मोजण्याच्या पट्टीला सामू म्हणतात: सात म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एका ठरावीक सामूला द्रावण गढूळ होतं आणि हायड्रॉक्साइड खाली बसू लागतं. अशा खाली बसणाऱ्या पदार्थाला पुस्तकात अवक्षेप म्हणतात. मी साधा शब्द वापरतो, साका. ल्युटेशियमचा साका सामू ६.३ च्या आसपास सुरू होतो, लॅन्थेनमचा ७.८ च्या आसपास. बाकीचे त्या दोघांच्या मध्ये, बहुतेक आकाराच्या क्रमानेच.

दीड सामू म्हणजे किरकोळ वाटेल. तसं नाही, कारण सामूची पट्टी दहाच्या पटीत चालते. एक सामू वाढला की पाण्यातल्या हायड्रॉक्साइडच्या जोड्या दहापट होतात. आणि या धातूंना दरवेळी तीन जोड्या लागतात, त्यामुळे परिणामाचा घन होतो: दहा गुणिले दहा गुणिले दहा. सामू एकाने वाढवला की पाण्यात विरघळून राहू शकणारा धातू हजारपटीने कमी होतो. या हिशेबाने दीड सामूचा फरक म्हणजे सुमारे तीस हजार पटीचा फरक. लॅन्थेनम आणि ल्युटेशियम एवढेच दोघे मिसळले असते तर अमोनियाच्या बाटलीने त्यांना एका दुपारी वेगळं करता आलं असतं.

मग हाच उपाय सगळ्यांसाठी का चालत नाही?

कारण अडचण टोकांची नाही, शेजाऱ्यांची आहे. दोन लगतच्या धातूंमध्ये सामूचा फरक एक-दोन दशांशांचा असतो. घन करूनही विद्राव्यतेत, म्हणजे किती विरघळतं यात, दुपटी-चौपटीचाच फरक निघतो. म्हणजे एकाचा बहुतेक भाग खाली बसेपर्यंत दुसऱ्याचाही बराच भाग त्याच्याबरोबर बसलेला असतो. मिळतो तो दोघांचं प्रमाण थोडं बदललेला साका. तो परत आम्लात विरघळवायचा, परत अमोनिया घालायचा, परत गाळायचा. आणि परत.

त्यात साका बुळबुळीत. त्याच्या पोटात पाणी अडकतं आणि त्या पाण्याबरोबर नको असलेला धातूही अडकतो. गाळणकागद तुंबतो. म्हणून शेवटची स्वच्छ पूड हवी असते तेव्हा कारखाने हायड्रॉक्साइडऐवजी ऑक्झॅलेट किंवा कार्बोनेटचा साका पाडणं पसंत करतात; तो दाणेदार असतो आणि लवकर गाळला जातो.

तरीही जुन्या माणसांनी याच वाटेने किती मजल मारली! स्वीडनचे कार्ल गुस्ताफ मोसान्डर यांनी १८३९ मध्ये सिरियमच्या मृदेत लपलेलं लॅन्थेनम शोधलं. सिरियमचं ऑक्साइड विरल आम्लाला दाद देत नव्हतं, पण त्यातला एक हिस्सा विरघळत होता. तो जास्त आम्लारी हिस्सा म्हणजे लॅन्थेनम. नावाचा ग्रीक अर्थच ‘लपून राहणं’. १८४३ मध्ये त्यांनी गॅडोलिन यांच्या मृदेचे अमोनियाने टप्प्याटप्प्याने साके पाडून तिच्यातून आणखी दोन मृदा बाहेर काढल्या. त्यांच्याजवळ सामू मोजायचं साधन नव्हतं, आवर्तसारणी अजून जन्मायची होती, आणि एकूण किती धातू शोधायचे आहेत याचा कोणालाच पत्ता नव्हता. हातात होता तो फक्त साक्याचा आणि ऑक्साइडांचा रंग, आणि कमालीची चिकाटी.

पुढे स्फटिकं पाडण्याच्या पद्धती आल्या. शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी अमेरिकेतले चार्ल्स जेम्स यांनी १९११ च्या सुमारास जवळपास १५,००० वेळा स्फटिकं पाडली, असं नोंदवलेलं आहे. आज हे काम द्रावक-निष्कर्षणाने होतं: पाणी आणि तेलासारखा द्रव घुसळायचा, धातूंपैकी जो किंचित जास्त तेलाकडे झुकतो त्याला तिकडे जाऊ द्यायचं, आणि ही घुसळण शेकडो टाक्यांमधून एकामागून एक करायची. तंत्र बदललं, पण फायदा उचलायचा तो त्याच पिकोमीटरचा. सातत्याने चालणाऱ्या शेकडो टाक्या, त्यांना लागणारं आम्ल-अल्कली, उरणारं सांडपाणी, आणि दशकांचा अनुभव ही खरी दुर्मीळ गोष्ट आहे. खाण असणं आणि शुद्ध डिस्प्रोशियम हाती असणं यांच्यात जे अंतर आहे, ते हेच.

सिरियम मात्र फितूर होतं

या एकसारख्या कुटुंबात दोन भावंडं वेगळी निघतात आणि माणसाने त्यांचा पुरेपूर फायदा घेतला आहे. मला या सगळ्या रसायनशास्त्रात सिरियमचा भाग सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबतो.

सिरियमचं साधं हायड्रॉक्साइड लॅन्थेनमसारखंच, पांढरं. पण ते हवेत ठेवलं की रंग पालटायला लागतो. आधी जांभळट छटा येते, मग हळूहळू सगळा साका पिवळा होतो. सिरियमने हवेतल्या ऑक्सिजनला चौथा इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो. इलेक्ट्रॉन गमावण्याच्या या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. चार प्रभारांचं सिरियम आणखी आक्रसतं आणि ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं की त्याचा साका सामू १ च्या आसपासच्या कडक आम्लातही बसू लागतो. बाकीच्यांना सहा ते आठ सामू लागतो. दशांशांत मोजायचा फरक एकदम पाच-सहा अंकांचा झाला!

कारखान्यात म्हणूनच मिश्र हायड्रॉक्साइडचा ओला लगदा गरम हवेत वाळवतात. तेवढ्यात सिरियम पिवळं पडतं. मग लगदा विरल आम्लात टाकला की बाकीचे धातू विरघळून निघून जातात आणि सिरियम तळाशी बसून राहतं. अनेक खनिजांत निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या सिरियमचा असतो, त्यामुळे या एका पायरीने पुढचं ओझं खूप हलकं होतं.

पण मग प्रश्न येतो: हवेनेच काम होतं, तर सिरियम आम्लाच्या द्रावणात असतानाच हवा का फुंकत नाहीत? कारण आम्लात हे घडत नाही. आम्लात चार प्रभारांचं सिरियम मोकळं, अस्वस्थ असतं आणि समोर दिसेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून परत तीनवर येऊ पाहतं. अल्कलीत त्याला हायड्रॉक्साइडच्या जोड्यांचं घट्ट पांघरूण मिळतं आणि चार हीच त्याची सुखाची अवस्था होते. धातू तोच, ऑक्सिजन तोच, भोवतालचं पाणी बदललं की व्यवहाराची दिशा उलटते.

याचा लख्ख पुरावा क्लोरीन देतो. मोसान्डर हे मिश्र हायड्रॉक्साइड अल्कलीत कालवून त्यातून क्लोरीन वायू सोडत. क्लोरीन सिरियमचा इलेक्ट्रॉन घेई, सिरियम पिवळ्या साक्यात उरे, बाकीचे विरघळत. आता तोच पिवळा साका तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून तापवा. सिरियम आपला इलेक्ट्रॉन क्लोराइडकडून परत घेतं आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. (हा वायू विषारी आहे, हे वाचण्यापुरतंच ठेवा.)

दुसरं वेगळं भावंड युरोपियम. त्याची खोड उलटी. जस्ताच्या सहवासात ते एक इलेक्ट्रॉन घेऊन दोन प्रभारांवर उतरतं, देहाने मोठं होतं, आणि मग अमोनिया घातला तरी त्याचं हायड्रॉक्साइड खाली बसत नाही. बाकीचे तळाला, युरोपियम पाण्यात. रंगीत टीव्हीच्या पडद्यावरचा लाल रंग अनेक वर्षं याच धातूने दिला.

बाटलीवर ‘सिरियम हायड्रॉक्साइड’ लिहिलेलं असतं, ते काय?

अनेक पुस्तकांत चार जोड्यांचं सिरियम हायड्रॉक्साइड असं सूत्र छापलेलं दिसतं. क्ष-किरणांनी त्या पिवळ्या पुडीकडे पाहिलं तर सिरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म स्फटिक दिसतात, पाण्यात न्हालेले. चार जोड्या नीट रांगेत लावलेलं संयुग तिथे सापडत नाही. नाव सोयीचं आहे म्हणून टिकलं. लॅन्थेनमचं हायड्रॉक्साइड मात्र खरंखुरं, ठरलेल्या रचनेचं संयुग आहे.

खडकातून गाळ कसा निघतो?

मोनाझाइट हे या धातूंचं एक महत्त्वाचं खनिज, किनाऱ्यावरच्या जड वाळूतही सापडणारं. रासायनिकदृष्ट्या ते फॉस्फेट आहे, आणि हट्टी. नद्यांनी वाहून आणलं, लाटांनी घासलं, लाखो वर्षं पाण्यात भिजलं तरी ते विरघळत नाही. या धातूंची फॉस्फेटशी असलेली मैत्री इतकी पक्की आहे.

ती तोडायला ते बारीक दळून १४० अंशांच्या आसपास तापवलेल्या तीव्र कॉस्टिक सोड्यात शिजवतात. फॉस्फेट सोडियमबरोबर पाण्यात जातं आणि धातू हायड्रॉक्साइड होऊन मागे राहतात. ॲल्युमिनियमसारखा स्वभाव असता तर तेही सोड्यात विरघळून गेले असते आणि सगळा काला झाला असता.

पण फॉस्फेट जर हायड्रॉक्साइडपेक्षा पक्कं, तर हायड्रॉक्साइड जिंकतं कसं? गर्दीच्या जोरावर. साध्या पाण्यात लिटरमागे हायड्रॉक्साइडच्या जितक्या जोड्या असतात, त्याच्या दहा कोटी पट त्या तीव्र सोड्यात असतात. आणि घनाचा नियम इथेही लागू: दहा कोटींचा घन म्हणजे एकावर चोवीस शून्यं. हिशेब ढोबळ आहे, पण एवढ्या गर्दीपुढे कुठलीही मैत्री टिकत नाही हे त्यातून कळतं.

या लगद्यात थोरियमही असतं, आणि ते किरणोत्सारी आहे. त्याला वेगळं करायलाही हायड्रॉक्साइडच कामी येतं. चार प्रभारांचं थोरियम जोड्यांना घट्ट धरून असतं, म्हणून आम्ल घालताना सामू साडेतीन-चारच्या आसपास थांबवला की बाकीचे धातू विरघळतात आणि थोरियम तळाशी राहतं. मागे उरलेला तो साका कसा आणि कुठे सांभाळायचा, हा या उद्योगातला सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. ‘रेअर अर्थ किरणोत्सारी असतात’ हा समज बहुधा इथूनच आला. लॅन्थेनमचा तो दोष नाही, त्याच्या खनिजातल्या सोबत्याचा आहे.

आणि उलट दिशेने

सोड्याची गर्दी नसेल तर जुनी मैत्री परत जागी होते. साध्या पाण्यात लॅन्थेनम हायड्रॉक्साइडला फॉस्फेट भेटलं की ते आपल्या जोड्या पाण्यात सोडून देतं आणि फॉस्फेटला कवटाळतं. पाण्याचा सामू त्यामुळे थोडा वाढतो.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात फॉस्फेट साचतं. त्यांच्यासाठी लॅन्थेनम कार्बोनेटच्या गोळ्यांना अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. गोळी जेवणाबरोबर चावून खायची. लॅन्थेनम अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच पकडतं आणि दोघे शरीराबाहेर जातात. रक्तात उतरणारं लॅन्थेनम अगदी नगण्य असतं. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीचं आहे.

तलावांचंही तसंच. खतं आणि सांडपाण्यातून आलेल्या फॉस्फेटवर शेवाळ माजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात लॅन्थेनम चढवलेली बेंटोनाइट माती तयार केली. ती तलावात पसरली की खाली बसता बसता फॉस्फेट टिपते आणि तळाशी गाळावर थर करून राहते.

पाण्यात धातू टाकायचा म्हणजे विष नाही का? शंका रास्त आहे. कमी क्षारांच्या मृदू पाण्यात लॅन्थेनमचे मोकळे आयन पाण्यातल्या छोट्या जिवांना अपाय करू शकतात. म्हणून आधी पाण्याची क्षारता आणि फॉस्फेट मोजून मात्रा ठरवावी लागते, आणि फॉस्फेट वाहून येण्याचा मूळ स्रोत बंद केला नाही तर टाकलेली माती काही काळाने भरून जाते. मापात वापरली तर लॅन्थेनम फॉस्फेटशी बांधलं जातं आणि मोकळं फारसं उरत नाही.

तळाच्या गाळात आधी लॅन्थेनम फॉस्फेटचं पाणी धरून असलेलं रूप तयार होतं, ऱ्हॅब्डोफेन नावाचं. पुढे सावकाश ते पाणी सोडतं, रचना घट्ट होते, आणि त्याचं मोनाझाइट होत जातं: उकळत्या सोड्यात घालून ज्याला फोडलं होतं तेच खनिज.